हिरवं बंद

खंडेरावांना ‘चालेल’ म्हणायची वाईट खोड होती. सातपूरच्या त्यांच्या छोट्या कंपनीत मनीषाने कॉम्प्युटरच्या तब्येतीवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर केलं होतं, तेही फक्त लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरांसाठी. निफाडच्या पुंजाभाऊंनी फोनवर विचारलं, “आमच्या कोल्ड स्टोरेजला विंडोज हाय, पोराकडं मॅक. चालंल का?”

“चालेल,” खंडेराव म्हणाले. मग मनीषाकडे वळले. “खंडेनवमीला बघायला येतायत. जमलं तर तुला कायम करतो.”

नाही जमलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मनीषाला विचारायची गरज वाटली नाही.

मॅकचं कसंबसं जमलं. विंडोज मात्र हटून बसलं. आपल्यावर ताण किती, हे लिनक्स एका आकड्यात सांगून टाकतं. विंडोजकडे तसला आकडाच नव्हता. रिकामी चौकट बरी दिसत नाही, म्हणून मनीषाने तिथे तात्पुरतं हिरव्या अक्षरांत ‘सगळं ठीक’ लिहून ठेवलं. कॉम्प्युटरवाल्यांचं तात्पुरतं किती टिकतं, ते विचारू नये.

खंडेनवमीला पुंजाभाऊ आले, तेव्हा पूजेसाठी सगळं बंद होतं. कॉम्प्युटरांना हळदकुंकू लावून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मनीषाचा लॅपटॉप आणि भिंतीवरचा स्क्रीन तेवढा चालू. त्यावर बाकीच्या कॉम्प्युटरांपुढे ओळीने लाल ‘बंद’, आणि विंडोजपुढे हिरवं ‘सगळं ठीक’.

पुंजाभाऊंनी वाकून विंडोजवाल्या कॉम्प्युटरच्या टेबलाखाली पाहिलं. “याची तर पिनच काढलीय.”

“हो, बंद आहे,” खंडेराव म्हणाले. “पण ठीक आहे.”

“मंग ती लाल?”

“ती बंद आहेत.”

“आन हे?”

“हेही बंदच. पण हे हिरवं बंद.” आपण काय बोललो, ते खंडेरावांनाही कळलं नाही.

मनीषाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “भाऊ, ते खोटं आहे. आकडा मिळेना, म्हणून मीच ठीक लिहिलं.” तिने लॅपटॉपवर बटणं दाबली. हिरवं गेलं, पिवळं ‘माहीत नाही’ आलं.

“अगं, ‘माहीत नाही’ म्हणणारं सॉफ्टवेअर कोण घेईल?” खंडेराव कुजबुजले.

पुंजाभाऊ स्क्रीनकडे पाहतच राहिले. “आमचा वॉचमन कवाबी विचारा, ‘सगळं ठीक’ म्हनतो. द्राक्षं सडली तवाबी तेच. ‘म्हाईत नाय’ म्हनायला लय शिकवलं त्याला, नाय जमलं. हे घेतो मी. पर ताई, इतक्या तऱ्हेच्या कॉम्प्युटरवर चालतंय, तर वॉचमनवर चालंल का?”

मनीषाने तोंड उघडायच्या आत खंडेराव म्हणाले, “चालेल.”

मनीषा कायम झाली. सोमवारपासून ती निफाडला वॉचमनला ‘माहीत नाही’ म्हणायला शिकवायला जाते.