आत हवा लागते का?

आमच्या खाली राहणारे इस्माईलभाई होडेकर फुटबॉलच्या मॅचला जातात ते उंटाला कोकम सरबत पाजायला.

हे मी कुणाला सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग काळजीने माझ्या नवऱ्याकडे. म्हणून सगळं नीट सांगते. उंट दोन पायांचा आहे. आमच्या भागातल्या एका लहान क्लबचा तो मॅस्कॉट. पायात फुटबॉलचे बूट, गळ्यात हिरवा मफलर आणि पोटात केरळचा बिजू. सरबत अर्थातच बिजूला. पण मॅच चालू असताना इस्माईलभाई त्याला बिजू म्हणत नाहीत, उंटसाहेब म्हणतात. "माणूस ड्यूटीवर असला की पोस्टचा मान ठेवायचा, वहिनी," असं त्यांचं म्हणणं आहे.

आम्ही अबुधाबीच्या खलिफा सिटीत एका व्हिलात राहतो. व्हिला नावाची. मालकाने भिंती घालून तिच्यात चांगली चार-पाच बिऱ्हाडं बसवली आहेत. तळमजल्याच्या मागच्या भागात इस्माईलभाई एकटे. मूळचे दापोलीजवळच्या हर्णैचे. सासूबाईंना बघायला कुणी नाही म्हणून भाभी गावी. इस्माईलभाई एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर. उभा जन्म लोकांना थंड हवा पोचवण्यात गेला, त्यामुळे आपल्या आसपास एखादा जीव उकडतोय ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही. मला तर वाटतं, आमच्या लग्नात ते असते तर त्यांनी आंतरपाटालाही भोकं पाडली असती.

"आत हवा लागते का?" हा त्यांचा प्रश्न. वॉचमनच्या केबिनमध्ये डोकं घालून विचारतील, सिग्नलला थांबलेल्या डिलिव्हरीवाल्याला गाडीची काच खाली करून विचारतील. माझी मुलगी अन्वी शाळेच्या गॅदरिंगमध्ये झाड झाली होती. जिन्यात तिला अडवून इस्माईलभाईंनी विचारलं, "बेटा, झाडात हवा लागते का?"

"It's cardboard, uncle. Obviously no," अन्वी म्हणाली.

झालं. कात्री आणून त्यांनी झाडाला जागोजागी भोकं पाडली. स्टेजवर आमचं झाड किडकं दिसत होतं, पण सगळ्या जंगलात घाम न आलेलं तेवढं एकच होतं.

दुसरी गोष्ट फितींची. एसीवाले जाळीला एक फीत बांधतात. फीत फडफडली म्हणजे हवा येते आहे, नाही तर शिडी काढायची. दुकानांत हे शोभतं. इस्माईलभाईंनी स्वतःच्या घरात तर बांधल्याच आहेत, आमच्याही प्रत्येक खोलीत लाल फीत बांधून ठेवली आहे. पाहुणे विचारतात, कसला नवस बोललात? मी हल्ली हो म्हणून मोकळी होते.

तर एप्रिलमधली गोष्ट. "चला वहिनी, मॅचला. अन्वीलापण घ्या. जागाच जागा आहे," असं म्हणून ते आम्हाला घेऊन गेले. जागेबद्दल ते खरं बोलले होते. स्टेडियम देखणं, दिवे लखलखीत, हिरवळ विंचरून ठेवल्यासारखी. समोरची अख्खी बाजू रिकामी. आमच्या बाजूला मात्र गंमत होती. पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातली तरुण अरब पोरं ढोल घेऊन उभी. एक जण भोंग्यातून ओळ सांगायचा, बाकीचे टाळ्यांवर उचलायचे आणि शेवटपर्यंत दमायचे नाहीत. त्यांच्या मागे वयस्क मंडळी सूर्यफुलाच्या बिया फोडत रेफ्रीचा उद्धार करत होती. हाफटाइमला तिकिटांवर टीव्हीची सोडत असते. त्यासाठी बांधकामाच्या साइटवरची मंडळी आली होती, त्यांचं सगळं लक्ष खिशातल्या नंबराकडे.

आणि इस्माईलभाई? पहिला गोल झाला तेव्हा ते गोलकडे पाठ करून उभे होते. नजर उंटावर. "आता बसायला पाहिजे त्याने. किती नाचवतात!" असं पुटपुटत डाव्या पोटरीला उजव्या पायाच्या अंगठ्याने खाजवत होते. ही त्यांची खास सवय. जीव कशात अडकला की बूट काढून एका पायावर उभे राहतात आणि दुसऱ्याने खाजवतात. हाफटाइमला थर्मास घेऊन ते स्टँडमागे पळाले, आम्ही पाठोपाठ. तिथे उंटाचं मुंडकं एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आणि बिजू दुसऱ्या खुर्चीवर. बिजूचा चेहरा पाण्यातून काढल्यासारखा.

"आत हवा लागते का?"

"कहाँ लगती है, भाईसाब," बिजू सरबत घटाघट पीत म्हणाला.

पुढच्या मॅचला इस्माईलभाई हत्यारांची पेटी घेऊन गेले. कॉम्प्युटरमधला तळहाताएवढा पंखा, बॅटरी, दोन पट्टे. पंखा उंटाच्या टाळूत बसवला, नाकपुडीवर लाल फीत चिकटवली. फीत फडफडायला लागली. बिजू आतून "जन्नत, जन्नत!" म्हणून ओरडला. मग आपल्या संघाने गोल केला, पोरांनी रंगीत कागदाचे कपटे उडवले आणि पंख्याने त्यातले ओंजळभर नाकपुडीतून आत ओढले. उंट शिंकला. गुडघ्यांतून वाकून, मदार हलवत, एकामागून एक शिंकत सुटला. ढोलवाल्या पोरांनी प्रत्येक शिंकेला ढोलावर थाप दिली. तेव्हापासून गोल झाला की उंटाने शिंकायचं असा तिथे रिवाजच पडला आहे.

सगळे खूश, इस्माईलभाई सोडून. घरी येईपर्यंत गाडीत एकच. "फिल्टर! मी, इस्माईल होडेकर, फिल्टर विसरलो! खलास!"

हे सगळं कशासाठी, ते मला मे महिन्यात कळलं. एका रविवारी संध्याकाळी ते दारात आले, एका पायावर. "अन्वीला जरा पाठवा. फोनवरची मॅच टीव्हीवर घ्यायची आहे." मीही खाली गेले. मॅच होती कॅनडातली. समुद्रकाठचं कुठलंसं शहर, तिथे दुपार. छोटंसं स्टेडियम, पण गच्च भरलेलं. इस्माईलभाई टीव्हीला नाक लावून बसले आणि पाचच मिनिटांत वैतागले.

"हा कॅमेरावाला येडा आहे का? सारखा आपला बॉलच्या मागे!"

"That's literally his job, uncle," अन्वी म्हणाली.

इतक्यात बॉल बाहेर गेला आणि कडेला उभी असलेली एक मोठी लालभडक शेवंड पडद्यावर आली. हो, शेवंडच, समुद्रातली, लॉब्स्टर म्हणतात ती. लांब मिशा, दोन नांग्या, पोटाखाली माणसाचे पाय. नांग्या हलवून पोरांना हसवत होती. कुणी बघत नाहीसं वाटलं तेव्हा ती थांबली, एका पायावर उभी राहिली आणि दुसऱ्या पायाने डावी पोटरी खाजवायला लागली.

मी इस्माईलभाईंकडे बघितलं. तेही तसेच उभे होते.

"आत जावेद आहे," ते म्हणाले.

जावेद त्यांचा मुलगा, एकुलता एक. हॉटेल मॅनेजमेंट शिकायला तिकडे गेला, हे मला ठाऊक होतं. शिकता शिकता क्लबात पार्टटाइम नोकरी करतो, 'ऑपरेशन्स'मध्ये, असं त्याने बापाला सांगितलं होतं. गेल्या वर्षी बाप कौतुकाने फोनवर मॅच बघायला बसला आणि पहिल्याच दिवशी ऑपरेशन्स काय ते बापाला दिसलं.

"मग विचारा की त्याला," मी म्हटलं. "त्यात काय एवढं? मेहनतीचं काम आहे."

"मला काय लाज नाय वाटत, वहिनी. हर्णैच्या माणसाला शेवंडीची कसली लाज? पण त्याने सांगितलं नाय, म्हणजे त्याला वाटते. मी विचारलं तर त्याला खोटं बोलायला लागेल. पोराला खोटं बोलायला कशाला लावू?" मग पडद्याकडे वळून म्हणाले, "फक्त एकच गोष्ट विचारायची होती."

कुठली, ते मी विचारलं नाही. अख्ख्या अबुधाबीला जो प्रश्न हा माणूस विचारत फिरतो, तो एका माणसाला विचारता येत नव्हता. म्हणून उंटाच्या वाट्याला सरबत येत होतं. मी उगाच रिमोट शोधायला लागले.

माझी धाकटी बहीण मेघा त्या शहरापासून दोन तासांवर राहते. जुलैत शाळेला सुट्टी लागली की आम्ही तिच्याकडे जाणार होतो. निघायच्या आदल्या दिवशी इस्माईलभाई एक खोका घेऊन आले. आत तळहाताएवढा पंखा, बॅटरी, दोन पट्टे आणि चहाच्या गाळणीची जाळी कापून केलेला फिल्टर. तो खोका त्यांनी माझ्या हातात दिला, परत घेतला, पुन्हा दिला.

"जावेदने विचारलं तर सांगा, टेबलावर ठेवायला पाठवलाय. आणि वहिनी, मॅच बघा जरा. पब्लिक कसं आहे तिकडचं, ते मला सांगा. पोरगा कुणासमोर नाचतो ते कळायला पाहिजे."

त्यांच्यासाठी म्हणून ती मॅच मी डोळे उघडे ठेवून बघितली. जुलै महिना आणि मी शाल गुंडाळून बसलेली, कारण समुद्राकडून गार वारा येत होता. स्टेडियम गावाच्या मधोमध. लोक चालत येत होते. आजोबा, नातवंडं, बाबागाडीतली बाळं, सगळ्यांच्या गळ्यात एकाच रंगाचे मफलर. बाहेर गाड्यांवर मासे तळत होते, कागदी ग्लासांतून बिअर चालली होती. गोलमागच्या स्टँडात ढोल होते आणि अगदी आमच्या खलिफा सिटीसारखाच भोंग्यातून ओळ सांगणारा एक जण होता. त्यांचा संघ हरत होता, तरी कुणी उठून गेलं नाही. पावसाची सर आली तेव्हा सगळ्यांनी जॅकेटच्या टोप्या डोक्यावर ओढल्या आणि गाणं चालू ठेवलं. शेवंड स्टँडाच्या पायऱ्या चढून लहान मुलांशी नांग्या मिळवत होती. एक छोटी घाबरून रडायला लागली, तेव्हा शेवंड तिच्यापासून लांब जाऊन जमिनीवर बसली आणि ती आपणहून येईपर्यंत तशीच बसून राहिली. मी लगेच मनात नोंद केली, हे सांगायचं.

दुसऱ्या दिवशी जावेद कॉफी प्यायला भेटला. उंच, नम्र, बापाचेच डोळे. "मी operations मध्ये आहे, आंटी. Mostly crowd side," म्हणाला. मी बरं म्हटलं आणि खोका पुढे केला.

त्याने पंखा उलटसुलट करून पाहिला. पट्टे ओढून पाहिले. फिल्टरवरून बोट फिरवलं.

"हे कशासाठी?"

"अब्बा म्हणाले, टेबलावर ठेवायला."

"टेबलाला पट्टे कशाला लागतात, आंटी?"

"मला बाई एसीतलं काही कळत नाही," मी म्हटलं आणि कॉफीत साखर ढवळत बसले. मी साखर घेत नाही. टेबलाखाली त्याचा उजवा पाय बुटातून बाहेर आला होता.

परत आल्यावर मी इस्माईलभाईंना मासे तळणाऱ्या गाड्यांपासून त्या रडणाऱ्या छोटीपर्यंत सगळं सांगितलं. छोटीचं त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. "पब्लिक चांगलं आहे म्हणजे," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा त्यांच्याकडे टीव्हीसमोर. कॅमेरावाला बॉलच्या मागे, इस्माईलभाई कॅमेरावाल्याच्या मागे. आणि मग शेवंड आली. या वेळी कॅमेरा तिच्या तोंडावर जरा जास्त रेंगाळला, की तीच हट्टाने कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली, देव जाणे.

"Uncle, there's something on its face," अन्वी म्हणाली.

मिशांच्या खाली, तोंडाच्या जाळीला, एक लाल फीत बांधलेली होती. आणि ती फडफडत होती.

"वारा असेल तिकडे," मी म्हटलं. मी तो वारा खाऊन आले होते.

इस्माईलभाईंनी फितीकडे बघितलंच नाही. धंद्यात जन्म गेलेला कारागीर आधी मीटर बघतो तसं त्यांनी शेवंडीच्या मागचा, मैदानाच्या कोपऱ्यातला झेंडा बघितला. झेंडा काठीला चिकटून लोंबत होता. वारा अजिबात नव्हता. मग त्यांनी फितीकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"लागते," ते म्हणाले. "हवा लागते आत."

मॅच संपल्यावर नेहमीसारखा जावेदचा फोन आला. इस्माईलभाईंचा फोन कायम स्पीकरवर.

"कसे आहात, अब्बा?"

"मजेत. तू?"

"बरा आहे. आज ऑफिसला काम होतं जरा."

"बरं बरं." इस्माईलभाई एका पायावर उभे होते. मग ते म्हणाले, "फिल्टर मात्र दर मॅचनंतर धूत जा, बेटा."



"हो अब्बा," जावेद म्हणाला. "धुतो."