भिंतीला धक्का न लावता

जेवणाच्या टेबलावरची चेनसॉ तिसऱ्या झटक्याला सुरू झाली आणि सिस्टरच्या नवऱ्याच्या हातातला पेपर मधोमध फाटला. त्यात चेनसॉचा काही हात नव्हता. दचकून त्यानंच फाडला.

“अगं, घरात?”

“चेन लावलेली नाहीये. नुसतं इंजिन आहे,” सिस्टरनं बटण बंद केलं. “ठोके नियमित पडतायत.”

सिस्टर म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये तीस वर्षं काढून निवृत्त झालेली नर्स. गल्ली तिला सिस्टर म्हणे, म्हणून नवराही म्हणे. ही चेनसॉ तिनं भंगारवाल्याकडून पोत्यात, सुट्या भागांत आणली होती. चार महिने तिनं ती जोडली. कार्ब्युरेटर उकळला, पिस्टनची रिंग बदलली आणि प्रत्येक झाकण लावण्याआधी ट्रेमधले स्क्रू मोजले. आत काही राहून गेलं तर पुढे काय बोंबाबोंब होते ते तिनं पाहिलं होतं. नवऱ्यानं जन्मभर विमा विकला. जगात काय काय कोसळू शकतं याची यादी त्याला तोंडपाठ होती, आणि त्या यादीत आता बायको वर सरकत होती.

मागच्या अंगणात एक झाड वाळून उभं होतं. सिस्टरनं नखानं साल खरवडली, दोन काटक्या मोडून पाहिल्या आणि त्याला रीतसर मृत घोषित केलं. पाडायला हरकत नव्हती. हरकत झाडामागे राहत होती.

मागचा शेजारी जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला. बारा वर्षांपूर्वी स्वतः मोजून, स्वतः उभं राहून त्यानं दोन अंगणांमध्ये छातीइतकी भिंत बांधून घेतली होती. तिच्यावर कावळा बसलेलाही त्याला खपत नसे. बातमी कळताच मोजणीदार कागद घेऊन हजर झाला.

“झाडाचा भिंतीला धक्का लागला तर भिंत तुम्ही नवी बांधायची, आणि ते यंत्र माझ्याकडे जमा. कायमचं. करा सही.”

“आणि नाही लागला तर?”

“तसं मी लिहून देईन,” मोजणीदार हसला. आजवर त्यानं कुणाला काही लिहून दिलं नव्हतं.

सिस्टरनं सही केली. नवऱ्याचा चेहरा पडला. तिला मात्र एकच भीती होती. निवृत्तीनंतरचं वर्ष तिनं खिडकीत बसून काढलं होतं, आणि चेनसॉ गेली की पुन्हा ती खिडकीच उरणार होती.

शिकवायला आले साडेआठ मास्तर. लाकडाच्या वखारीत चाळीस वर्षं घालवलेला माणूस, हाताची बोटं साडेआठ. पहिल्या दिवशी त्यांचे हात पाहून नवऱ्यानं विचारलंच.

“चेनसॉनं गेली?”

“छे हो! दुकानाच्या शटरमध्ये. चेनसॉला मी घाबरतो, म्हणून तिनं कधी काही केलं नाही. शटरला कोण घाबरतं?”

या उत्तरानं नवऱ्याला धीर आला नाहीच. उलट त्या दिवसापासून तो शटरलाही घाबरू लागला.

मास्तरांनी सिस्टरला तीन रविवार जमिनीवरच्या ओंडक्यांवर राबवलं. आधी वर बघायचं, सुटी फांदी लटकतेय का. मग झाड जिकडे पाडायचं तिकडच्या अंगाला खाच. मागचा काप खाचेपेक्षा जरा वर. मधे बोटभर लाकूड शिल्लक ठेवायचं, तीच झाडाची बिजागरी. झाड कलू लागलं की मागे तिरकं निघून जायचं, आणि बाकीच्यांनी झाडाच्या दुप्पट उंचीइतकं लांब उभं राहायचं. नवऱ्यानं हे अंतर मोजलं. ते पलीकडच्या गल्लीतल्या लाँड्रीपर्यंत भरलं. ठरल्या दिवशी तो स्कूटरचं हेल्मेट घालून लाँड्रीपाशी उभा राहिला आणि त्यानं मास्तरांना फोन लावला. मास्तरांनी तो खिशात सुरूच ठेवला.

मोजणीदार गच्चीत खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर तो कागद.

खाच पडली. मागचा काप अर्ध्यावर आला. सिस्टरनं पाचर ठोकली, आणखी थोडं कापलं. झाडानं एकदा कुरकुर केली.

“निघा!” मास्तर ओरडले. सिस्टर ठरल्या वाटेनं निघाली, आणि झाड बिजागरीवर वळून अंगणात आडवं झालं. शेंडा मास्तरांनी आधीच खूण म्हणून ठोकलेल्या खुंटीवर.

 मास्तरांच्या खिशातून आवाज आला, “जिवंत आहात का?”

“आहोत!” सिस्टरला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

मोजणीदार टेप घेऊन खाली धावला. आपल्या बाजूनं त्यानं भिंत वरून पाहिली, वाकून पाहिली, चष्मा पुसून पाहिली. ओरखडा नव्हता. टवका नव्हता. त्याला धक्काच बसला.

“लिहा,” सिस्टर झाडाच्या शेंड्यापाशी उभी होती.

लिहायला टेबल नव्हतं. मोजणीदारानं कागद भिंतीवर धरला आणि मोठ्या कष्टानं लिहिलं, ‘झाडाचा भिंतीला धक्का लागलेला नाही.’ खाली सही केली. आणि सवयीप्रमाणे शेवटी पेन दाबून टिंब दिलं.

भिंत गेली.

घाई न करता, आखल्यासारखी, पूर्ण लांबीनं ती सिस्टरच्या अंगणात झोपली. धूळ खाली बसली तेव्हा मोजणीदार हात पुढे करून तसाच उभा होता. पेन हातात, समोर मोकळं अंगण.

सिस्टरनं आधी मोजणी केली. “बोटं हलवा सगळ्यांनी! माझी दहा.”

“दहा,” मोजणीदार पुटपुटला.

“साडेआठच,” मास्तर म्हणाले.

“माझी दहा!” खिशातून आवाज आला. “साडेअडतीस झाली. पण हा दुसरा आवाज कसला?”

मास्तर बुंध्यापाशी बसले. उरलेला बुंधा टीचभर होता, पण आडव्या खोडाच्या मागच्या अंगाला कमरेइतक्या उंचीवर विटांचे ठसे स्पष्ट उमटले होते. “कलली होती हो तुमची भिंत. कधीपासून कोण जाणे, पण या झाडाला टेकून उभी होती. आम्ही वर बघितलं, पुढे बघितलं. झाडाला काय टेकलंय ते नाही बघितलं. चुकलंच माझं.”

मोजणीदारानं तोंड उघडलं. सिस्टरनं विटांतून कागद उचलला, झटकला आणि त्याची सही त्याच्यापुढे धरली. त्यानं तोंड मिटलं.

तो आपल्या अंगणाकडे वळला. आता मधे काहीच नव्हतं. पार कोपऱ्यात आणखी एक झाड वाळून उभं होतं.

“सिस्टर,” त्याचा आवाज खाली आला होता, “माझंही एक पाडायचंय. याल का?”

“येईन की. पण आधी त्याला काय टेकलंय ते बघून या.”

मोजणीदार टेप घेऊन गेला. झाडाभोवती एक फेरी मारली, मागे वाकून पाहिलं आणि टेप न उघडताच परत आला.

“आमची बाथरूम,” तो म्हणाला. मग घराकडे वळून जिवाच्या आकांतानं बायकोला ओरडला, “अगं बाहेर ये! आंघोळ राहू दे, आधी बाहेर ये!”