प्रोफेसर धैर्यवानांचा जमाव

प्रोफेसर धैर्यवान केस कापायला गेले की खुर्चीत बसण्याआधी न्हाव्याला विचारायचे, "माझे केस कापायला तुमची संमती आहे ना?" पहिल्या खेपेला न्हाव्याला वाटलं, ह्यांच्या डोक्यात काहीतरी आहे, म्हणजे उवा किंवा खरूज. त्याने त्यांना उजेडात उभं करून डोकं तपासलं. काही सापडलं नाही तेव्हा म्हणाला, "बसा की साहेब, दुकान कशाला उघडलंय?" धैर्यवान हलले नाहीत. "दुकान उघडणं ही मूकसंमती झाली. मूकसंमती मी मानत नाही." शेवटी "आहे बाबा, आहे संमती!" असं चार गिऱ्हाइकांदेखत न्हाव्याने ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे ते बसले.

आमची चाळ गिरगावातली आणि धैर्यवान आमच्याच मजल्यावर, टोकाच्या तीन खोल्यांत. पाठारे प्रभूंचं जुनं घराणं. एके काळी अर्धी गल्ली त्यांची होती म्हणे. ते विलायतेला शिकून आले, कॉलेजात राजकीय तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले. मूलबाळ नाही. माणकताई, त्यांच्या पत्नी, जाऊन अकरा वर्षं झाली होती. चाळीत दुसरा तत्त्वज्ञ नव्हता, त्यामुळे सगळेच तत्त्वज्ञ असे असतात की हेच असे, हे ठरवायला आम्हाला काही मार्ग नव्हता. आडनाव धैर्यवान, पण मोरीत झुरळ दिसलं की माझ्या आईला हाक मारत.

ते एक ग्रंथ लिहीत होते. विषय एका ओळीचा: माणूस आज्ञा का पाळतो? लिहायला घेऊन बावीस वर्षं झाली होती आणि तिसरं प्रकरण चालू होतं. त्यांचं अक्षर त्यांना स्वतःलाही दुसऱ्या दिवशी लागत नसे, म्हणून दर रविवारी सकाळी मी त्यांच्या मजकुराची स्वच्छ प्रत करून द्यायचो. मी तेव्हा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होतो. अक्षर हा माझा एकमेव गुण, असं माझ्या वडिलांचं मत होतं.

ग्रंथ मराठीत लिहायचा हा त्यांचा हट्ट. आणि जो शब्द हिराबाईला कळणार नाही तो ठेवायचा नाही, हा दुसरा हट्ट. हिराबाई म्हणजे आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण. ती पाटी टेकते न टेकते तोच धैर्यवान विचारायचे, "हिराबाई, 'अधिसत्ता' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं?"

"काय येनार? पापलेट ताजं हाय, ता बगा आदी."

धैर्यवान आत येऊन 'अधिसत्ता' खोडायचे. या पद्धतीने पहिलं प्रकरण नव्वद पानांवरून चाळीसवर आलं. मराठी गद्यावर हिराबाईचे हे केवढे उपकार आहेत, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गॅलरीच्या कठड्यांवर घोषणा रंगवलेल्या, चौकात रोज सभा. धैर्यवान मनापासून चळवळीच्या बाजूचे. मोर्चालाही येत. पण प्रत्येक घोषणा आधी मनात तपासून, पटली तरच देत. त्यामुळे सगळा मोर्चा पुढच्या घोषणेवर गेलेला असायचा आणि मागून एकटाच बारीक आवाज यायचा, "झालाच पाहिजे!" एकदा मला म्हणाले, "यातल्या 'च'बद्दल माझी अजून खात्री झालेली नाही. पण 'झाला पाहिजे' पक्कं."

अशातच एका हरताळाच्या दिवशी वेलजीभाईंचं प्रकरण झालं. वेलजीभाई कच्छी. आमच्या चाळीखाली त्यांचं किराणा मालाचं दुकान तीस वर्षांचं. त्या दिवशी दुकान बंदच होतं, पण कोणाच्या तरी बाळंतिणीला डिंक हवा म्हणून त्यांनी एक फळी काढली होती. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतले दहाबारा तरुण हातात दगड घेऊन आले. वेलजीभाई आत, फळीमागे. आम्ही सगळे वर गॅलरीत. खाली उतरायचं कोणाच्या मनात आलं नाही, हे मला आजही लपवायचं नाही.

उतरले ते धैर्यवान. धोतर-बंडीवर, चष्मा पुशीत. दुकानाच्या पायरीवर बसले.

"मास्तर, बाजूला व्हा," पुढचा म्हणाला. "मुंबई कोणाची?"

"महाराष्ट्राची. माझं पंधरा पानांचं टिपण आहे त्यावर."

"मग उठा."

"उठतो. पण या माणसावर दगड टाकायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, तेवढं सांगा."

तो बिचारा फसला. म्हणाला, "जनतेने."

वर गॅलरीत मी कपाळावर हात मारला. 'जनता म्हणजे कोण?' हे दुसऱ्या प्रकरणाचं नाव होतं. मी त्याच्या दोन प्रती केल्या होत्या.

धैर्यवान सव्वा तास बोलले. दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांत दाबून धरले होते. आवाज मात्र वर्गातला. पहिल्या पंधरा मिनिटांनी तरुणांनी दगड खाली ठेवले, कारण हात दुखायला लागले. अर्ध्या तासाने चारजण "आलोच" म्हणून गेले. दोघे भिंतीला टेकून पेंगले. वेलजीभाईंनी फळीतून पाण्याचा तांब्या बाहेर दिला. शेवटी तिघे उरले, आणि त्यांना शंका होत्या. त्या तिघांना धैर्यवान वर घेऊन गेले.

पुढे शहरात जमावबंदीचा हुकूम निघाला आणि तो मोडायला सत्याग्रहींच्या तुकड्या जाऊ लागल्या. एका सकाळी मी कचेरीला निघालो तर धैर्यवान कोट-टोपी घालून जिन्यात. "सत्याग्रहाला चाललो आहे," म्हणाले. "आज्ञा का पाळावी यावर बावीस वर्षं लिहितो आहे. एकदा मोडून पाहिल्याशिवाय पुढचं लिहिणं प्रामाणिकपणाचं नाही."

कचेरीला उशीर झाला तर झाला, म्हणून मी मागोमाग गेलो. नाक्यावर एक साताऱ्याकडचे हवालदार होते. धैर्यवान त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. "मी जमावबंदी मोडतो आहे."

हवालदारांनी त्यांच्या मागे पाहिलं. "जमाव कुठाय?"

"मीच आहे."

"मास्तर, जमावाला पाच मानसं लागत्यात."

"पाच?" ही माहिती त्यांना नवी होती. "पण दुसऱ्याच्या तुरुंगवासाला मी कसा काय होकार देणार?"

"मग घरी जावा. ऊन लई हाय."

धैर्यवान गेले नाहीत. दुपारपर्यंत एकटेच उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी हवालदारांनी चौकीतून त्यांच्यासाठी स्टूल आणून ठेवलं. चाळीत हसूनहसून पुरेवाट. मीही हसलो. पण चौथ्या दिवशी सकाळी कचेरीचा डबा हातात घेतला आणि मला काही जाववेना. डबा ठेवला आणि नाक्यावर गेलो. बघतो तर कोचरेकर बंधू आधीच येऊन उभे. हे दोघे भाऊ सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण सगळीकडे बरोबर जात. चौघे झालो. चौघांचा जमाव होत नाही.

तेवढ्यात गल्लीतून वेलजीभाई आले. डोक्यावर टोपी, हातात शिदोरीचं गाठोडं.

हवालदार कळवळून म्हणाले, "शेटजी, तुमी कशाला? हे तुमचं न्हाई."

"परफेसरसायब माज्या पायरीवर बसले," वेलजीभाई म्हणाले. "आज मी तेंच्या बाजूला उभा ऱ्हानार. तुमी मोजा नी."

धैर्यवानांनी चष्मा काढून पुसला आणि प्रत्येकाला रीतसर विचारलं, "तुरुंगात यायला तुमची संमती आहे?" चौघांनी मोठ्याने "आहे" म्हटलं. कोचरेकरांनी वेगवेगळं, दुसरा तिथे नसल्यासारखं. हवालदारांनी बोटाने पाच मोजले, स्टूल उचललं आणि म्हणाले, "चला."

आठ दिवसांची शिक्षा झाली. बराकीत परळ-लालबागचे गिरणीकामगार आधीपासून होते. दीडएकशे माणसं, सगळी कोकणातली. त्यांचे पुढारी तात्या सावंत, गिरणीतल्या साच्यावर, म्हणजे मागावर, आयुष्य गेलेले, आवाज असा की कुजबुजले तरी बराक वळून बघे. पहिल्याच दिवशी डाळीत अळ्या निघाल्या. तात्यांनी ताट सरकवलं, म्हणाले, "नुको." दीडशे ताटं सरकली. धैर्यवानांना कोणी काही म्हटलं नव्हतं, पण त्यांनीही सरकवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चांगली डाळ आली.

जेवणं झाल्यावर धैर्यवान तात्यांजवळ जाऊन मांडी घालून बसले. "सावंत, तुमच्या हातात काठी नाही. तुम्ही काही देऊही शकत नाही. यांनी तुम्हाला कसला शब्दही दिलेला नाही. मग तुम्ही 'नको' म्हटल्यावर दीडशे माणसं उपाशी का राहिली?"

तात्या म्हणाले, "मास्तरानु, मी पयलो सरकवलंय, मगे बोललंय. जो आमच्यावांगडा उपाशी ऱ्हवता, तेचा आमी आयकतंव. ह्येच्यात काय मोठा हा?"

जो आमच्याबरोबर उपाशी राहतो, त्याचं आम्ही ऐकतो. धैर्यवान उठून माझ्याकडे आले आणि, लॉटरी लागल्यासारख्या चेहऱ्याने म्हणाले, "तिसरं प्रकरण गेलं!" माझ्या एकशे दहा पानांच्या प्रतीचं त्यांना काहीच वाटलं नाही.

त्या आठ दिवसांत त्यांनी भजनात टाळ वाजवले, चुकीचे. मालवणी शिव्यांचं वर्गीकरण केलं. कोणाची पत्रं लिहून दिली, ती गावाकडे कोणाला वाचता आली असतील असं वाटत नाही. कोचरेकर बंधूंमध्ये ते मीठ-मिरची पोचवत होते, ती शेवटी दोघांनी हातोहात द्यायला सुरुवात केली. नवव्या दिवशी सुटकेचा कागद आला. आम्ही वळकट्या बांधल्या. धैर्यवान तुरुंगाधिकाऱ्यांपुढे उभे राहिले आणि टोपी हातात घेऊन विचारलं, "आणखी चार दिवस राहिलो तर चालेल का?"

सगळी बराक हसली. अधिकारीही हसले. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. ते विनोद करत नव्हते.

पुढे राज्य झालं, मुंबईसह. वेलजीभाईंनी दुकानावर आंब्याचं तोरण बांधलं. दोन्ही कोचरेकर एका ताटातून पेढे वाटत फिरले. हे सगळं होण्याआधीच धैर्यवानांनी रविवारी परळला जायला सुरुवात केली होती. तात्या सावंतांच्या चाळीतल्या राधाबाईंच्या खानावळीत ते कामगारांचा वर्ग घेतात, असं आम्हाला सांगत. माझी रविवारची प्रत बंद पडली.

एका रविवारी नव्या प्रकरणाचे माझ्याकडे राहिलेले कागद घेऊन मीच परळला गेलो. दुपारचे तीन वाजले असतील. राधाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. सत्तरीला आलेल्या, नवरा गिरणीतच वारलेला, वीस माणसांना जेवू घालणाऱ्या.

"वर्ग संपला का?" मी विचारलं.

"कसलो वर्ग?"

मी आत डोकावलो. लांबट खोली, एका बाजूला ट्रंका रचलेल्या. रात्रपाळी करून आलेले पंधरासोळा कामगार चटयांवर दाटीवाटीने झोपले होते. त्यांच्या मधोमध, एका बाजूला कोणाचा तरी हात अंगावर पडलेला आणि दुसऱ्या बाजूला कोणाचं डोकं खांद्याशी आलेलं, असे प्रोफेसर धैर्यवान गाढ झोपले होते. कोट उशाला. तोंड उघडं.

मी हाक मारायला गेलो तर राधाबाईंनी माझा हात धरला. "उठवू नुको रे तेंका. दर आयतवारी जेवतत नि निजतत. बायल गेल्यापासून घराकडे झोप लागना नाय म्हणतत. तीन खोलयेत एकटो माणूस, तो तरी काय करतलो?"

अकरा वर्षांहून जास्त काळ आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती. मी कागदांची पिशवी खुंटीला अडकवली, वहाणा हातात घेतल्या आणि आवाज न करता जिना उतरलो.