जनाबाईचं इंग्रजी

समाजाची प्रगती त्याला न समजणाऱ्या शब्दांवरून मोजावी, असं माझं मत आहे. या हिशेबाने १९७८ साली नाकाडोंगरीकडचं आमचं गाव तालुक्यात पहिलं होतं. निवृत्त शिक्षक श्यामराव यांच्या पडवीत 'कठीण इंग्रजी शब्द मंडळ' निघालं होतं. सभासद नऊ. रोज पाच शब्द अर्थासह पाठ करायचे आणि सूर्य मावळायच्या आत वापरायचे, असा नियम. बैलांवर वापरून झाले, बायकांवर वापरून झाले (परिणाम बैलांवर बरा झाला). उरले सरकारी अर्ज.

गावाबाहेरच्या टोलीवरचा हातपंप नेमका तेव्हाच बंद पडला, हे मंडळाचं भाग्य. टोलीवरची जनाबाई पडवीत आली.

"गुरुजी, पंप बंद हाय, येवढंच लिवून द्या नं. सुनेले सातवा महिना लागला, मैलावरच्या बोडीतून पानी आनून राहिली."

"जनाबाई, येवढंच लिहिलं त साहेब वाचून बाजूले ठेवन," श्यामराव म्हणाले. "मी असे शब्द टाकतो, का त्याले डिक्शनरी काढाच लागन."

अर्जात सदतीस कठीण शब्द बसले. खाली जनाबाईने अंगठा उमटवला.

साहेबांनी खरोखर डिक्शनरी काढली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अर्जाची भाषा वाखाणून त्यांनी स्वतःचे चाळीस शब्द घातले होते. आता प्रश्न गावाच्या इज्जतीचा झाला. दोन सभा घेऊन मंडळाने एकेचाळीस शब्दांचं उत्तर धाडलं. अशी अकरा पत्रं झाली (अंगठे सहा). जनाबाईच्या पत्रांच्या प्रती टाइप करून कारकुनांना खात्याच्या परीक्षेसाठी वाटल्या गेल्या. दरम्यान सून बाळंत झाली आणि पाणी जास्त लागू लागलं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आमच्या चौथ्या पत्रातला तिसरा परिच्छेद मला अजून तोंडपाठ आहे.

शेवटी जनाबाई एसटीने स्वतःच कार्यालयात गेली. नाव ऐकताच कारकून उठून उभे राहिले. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला.

"साहेब, पंप बंद हाय," ती म्हणाली.

साहेबांचा चेहरा पडला. "बाई, तुमच्यासारख्या विदुषीला हे बोलणं शोभत नाही," ते म्हणाले. "सविस्तर लेखी कळवा."

ही हकिकत मी आजवर पुष्कळांना सांगितली. सगळे पोटभर हसतात आणि विचारतात, ते शब्द कोणते होते हो? तुमच्याही मनात तेच आलं असणार. पंप सुरू झाला का, असं मला अजून कोणी विचारलेलं नाही.