तिळाचा लाडू सर्कशीत गेला

गुळाच्या बाबतीत मला शिकवील असा माणूस अख्ख्या अमडापुरात जन्माला आलेला नाही! हे वाक्य त्या संक्रांतीच्या आधी मी निदान पन्नास वेळा बोललो असेन. त्यानंतर एकदाही बोललेलो नाही.

आता खरं सांगायचं तर मी वांगी पिकवणारा माणूस. पण लहानपणी मामाच्या गुऱ्हाळावर चार हंगाम काढलेले! दोन पुरुष उंचीच्या (बरं, एक पुरुष म्हणा) कढईतला रस ढवळलेला! तेव्हा संक्रांतीच्या तोंडावर आमच्या सत्यभामाबाईंचं मनगट विहिरीवर मुरगळलं आणि 'आता तिळाचे लाडू कोन करते?' म्हणून त्या कपाळाला डावा हात लावून बसल्या, तेव्हा मी बाह्या सरसावल्या.

"मी करतो! तू फक्त बसून पाह्य!"

"तुमाले पाकातलं काय समजते?"

"मले? अवो, गुळाच्या कढईत लहानाचा मोठा झालो मी!"

"म्हनूनच असे चिकट झाले!" बाई म्हणाल्या.

हे सगळं घडलं महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा. आमच्या पूर्णेचं नुकतंच वैशाखात लग्न झालं होतं. वरवट बकालचं घर. माणसं चांगली, शेती चांगली, जावई चांगला. फक्त व्याही, उकंडराव पाटील, हे प्रकरण अवघड! लग्नात त्यांच्या तोंडात वरचा एकही दात नव्हता, आणि आमच्या आळीतली एक म्हातारी भर पंगतीत म्हणाली, "इवायाले वरनभात वाढा वो, त्याइच्या तोंडाचं बोळकं झालं!" झालं! पाटलांनी ताटावरून उठता उठता कसंबसं धोतर सावरलं आणि तेव्हापासून आमच्या घराबद्दल त्यांच्या मनात जी अढी बसली ती बसलीच. पुढे अकोल्याच्या डॉक्टरकडून त्यांनी वरची कवळी बसवून घेतली. आणि आता हेच व्याही सुनेला पहिल्या संक्रांतीला माहेरी घेऊन स्वतः येणार होते! पूर्णेचं पत्र आलं. त्यात खुशालीची एक ओळ, आणि खाली तीन रेघा मारून: 'बाबा, मामंजींच्या समोर दाताचं नावही काढू नका. घरात कोणी दात हा शब्द बोलत नाही. बोललं की चार दिवस जेवण बंद.'

"पाह्यलं?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "पोरीचं सासर हाय. तोंड सांभाळा!"

तोंड मी सांभाळलं. पाक सांभाळायचा राहिला.

गोळी पाण्यात टाकली की वाटीत टण्ण वाजली पाहिजे, एवढं मला ठाऊक होतं. मग जितकी जास्त टण्ण तितका लाडू चांगला, हा माझा हिशेब! पहिली गोळी टण्ण वाजली. मी म्हटलं, अजून थोडं. दुसरी ठण्ण वाजली. तिसरी गोळी वाजली तेव्हा शेजारच्या भाऊरावांनी भिंतीपलीकडून विचारलं, "शाळा सुटली का बे?"

एकसष्ट लाडू वळले. हातांचे तळवे लाल झाले. पण लाडू काय दिसत होते! एकसारखे, गोल, चकचकीत! सकाळी त्यातला एक हातातून निसटून फरशीवर पडला. लाडवाला काही झालं नाही. फरशीचा टवका उडाला.

"हे लाडू हायत का गोटे?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"थंडीनं आखडले. उन्हात ठेवले का सैल होतीन."

उन्हात ठेवले. ते जास्तच चकाकले. गाईपुढे एक टाकला. तिने तो हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

शेवटी व्याही आणि पूर्णा येऊन पोचताच बाईंनी पूर्णेला हाताशी धरून तीळ आणि गूळ कुटून मऊसूत तीळकूट केलं, व्याह्यांना तेच वाढलं, आणि लाडवांची परात फडताळात वर सारली. संक्रांत निर्विघ्न पार पडली. मी दिवसभर तोंडाला कुलूप लावून होतो. एकदा फक्त "काय थंडी पडली पाटील, दातखी—" इथपर्यंत गेलो होतो, पण बाईंनी असा चिमटा काढला की उरलेला शब्द 'आई गं' असा निघाला.

दुसऱ्या दिवशी चिखलीला सर्कस पाहायचा बेत होता. दुपारचा तीनचा खेळ. निघताना बाईंनी हळूच फर्मान काढलं, "ते गोटे वाटेत कुठी नाल्यात टाकून द्या. इवायाच्या नजरेस पडले तं आबरू जाईन!" सगळे एका खेपेत नेणं शक्य नव्हतं. कोटाच्या दोन खिशांत मिळून आठ मावले. चालताना ते माझ्या मांड्यांवर असे आपटत होते की मी बैलासारखा एका अंगाला झुकत होतो. नाला आला, पण एस.टी.त खिडकीपाशी व्याही! लाडू टाकू कसे?

सर्कशीचा तंबू म्हणजे काय सांगू! आमचं अख्खं वांग्याचं वावर आत मावलं असतं. आम्ही फळ्यांच्या गॅलरीत वर बसलो. मी, माझ्या उजव्या हाताला व्याही, पलीकडे पूर्णा आणि सत्यभामाबाई. बँड वाजला. दोन हत्ती आत आले. सगळा तंबू ओरडला, "काय दात हायत!"

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"केवढे मोठे... कान!" मी म्हणालो.

मग झोक्यावरच्या मुली झाल्या, तारेवरची सायकल झाली. पाटील हळूहळू पुढे सरकून बसले. एकदा तर चक्क "वा!" म्हणाले. मी सुटलो म्हणून श्वास सोडला. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले,

"भगवंतराव, एक इचारू?"

"इचारा ना पाटील!"

"काल सकाळी पानी प्यायले गेलतो, तं फडताळात परातभर लाडू दिसले. सून म्हने, तुमी सोता केले."

मी दोन्ही हातांनी कोटाचे खिसे झाकले. 

"घरात लाडू हायत. अन् मले भुगा वाढला. काऊन?"

"तसं नाई पाटील..."

"मंग कसं? ह्याले लाडू चावत नाई, असंच ना? तुमच्या आळीतल्या त्या म्हातारीसारखं तुमीबी मले बोळकं समजता!"

त्यांचा आवाज कापत होता. रागाने नव्हे. मला एकदम जाणवलं की हा माणूस रागीट नाही, दुखावलेला आहे. आठ महिने दुखावलेला! आणि त्यांच्या पलीकडे माझी पोर, घास अडकल्यासारखा चेहरा करून बसली होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

काय करणार? खिशातून एक लाडू काढला.

"घ्या पाटील. तिळगूळ घ्या. फक्त... चघळून खा बरं का."

हा शेवटचा शब्द बोललो नसतो तर पुढचं काहीच घडलं नसतं!

"चघळून? काऊन? मी काय लेकरू हाय?" आणि पाटलांनी लाडू दाढेत धरून जो काही जोर लावला...

खट्ट!

पाटलांचे डोळे मोठे झाले. लाडू बाहेर येईना, आत जाईना. त्यांनी दोन्ही हातांनी ओढला. तो सुटला, पण एकटा नाही! वरची अख्खी कवळी त्याला चिकटून बाहेर आली, हातातून निसटली, आणि दोघंही फळ्यांच्या फटीतून खाली अंधारात गेले.

पाटलांनी उपरण्याने तोंड झाकलं.  नुसते माझ्याकडे पाहत राहिले. त्या नजरेपेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

"आत्ता आनतो!" म्हणून मी गॅलरीखाली शिरलो. खाली भुईमुगाची टरफलं, बांबू, दोर आणि वरून लोंबकळणारे शेकडो पाय. मी रांगत रांगत चाचपतोय, तोच समोरून एक पांढरं, झिपरं कुत्रं आलं. सर्कशीचंच होतं, गळ्यात लाल झालर होती. त्याने गुळाचा वास घेतला, लाडू उचलला आणि माझ्याकडे तोंड वर केलं.

देवाशप्पथ सांगतो, ते कुत्रं माझ्याकडे पाहून माणसासारखं हसत होतं! पाटलांचे वरचे सगळे दात त्याच्या तोंडाबाहेर, ओळीने!

"हाड! सोड बे! सोड ते!"

कुत्रं पळालं. मी मागे. बांबूंमधून, पडद्याखालून, एका दोराला अडखळून मी उठलो तेव्हा डोळ्यांवर लख्ख उजेड आला. मी रिंगणाच्या मधोमध होतो. डोक्यावर टोपी नाही, धोतराचा एक सोगा मागे लोळतोय, आणि समोर दात काढलेलं कुत्रं! लोकांना वाटलं, नवा जोकर आला. अशी शिट्टी आणि टाळी पडली की काय विचारता!

मी कुत्र्यामागे दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत खिसे फाटले आणि सातही लाडू भुईवर घरंगळले. एकावर माझाच पाय पडला. मी उताणा झालो, तेव्हा बँडवाल्याने ढोलाचा एक ठोका हाणला. अगदी वेळेवर.

खऱ्या जोकराने कुत्र्याला पकडलं. त्याने लाडू हातात घेतला, उलटसुलट पाहिला, दात वेगळे करायला ओढला. निघेनात. मग त्याने मोठा लाकडी हातोडा आणला आणि लाडू रिंगणाच्या कडेच्या ओट्यावर ठेवला.

"थांब!" मी ओरडलो. "दात फुटतीन!"

 जोकराने कर्णा तोंडाला लावला.

"दात? किसके दात हैं ये?"

मी वर पाहिलं. गॅलरीत पाटील उपरण्यात तोंड खुपसून, मान खाली घालून बसले होते. एवढा मोठा माणूस, पण कोपऱ्यात उभ्या केलेल्या पोरासारखा दिसत होता. शेजारी माझ्या पूर्णेने दोन्ही हात घट्ट धरले होते. हजारभर माणसं उत्तराची वाट पाहत होती. निम्मी तरी ओळखीची, वांग्याची गिऱ्हाइकं!

मी दोन्ही ओठ आत ओढले, गाल बसवले आणि बोललो,

"माफे! फे माफे बाप हायफ!"

('दात' म्हणायला गेलो, 'बाप' निघाला. क्षणभरापूर्वी मी खणखणीत ओरडलो होतो, हे सुदैवाने कोणाच्या ध्यानात आलं नाही.)

"बाप?" जोकर दचकला. "ये आपके बाप हैं?" त्याने लाडवाला वाकून नमस्कार केला. "राम राम बापूजी!"

तंबूचे खांब हलले, असं हसू उसळलं! पुढच्या रांगेतला एक फेटेवाला हसता हसता खुर्चीसकट मागे गेला. जोकर माणूस भला निघाला. त्याने माझा चेहरा पाहिला, हातोडा टाकला, कोमट पाण्याची बादली मागवली आणि लाडू त्यात बुडवून धरला. गूळ सुटला. कवळी अलगद त्याच्या हातात आली. एक चरा नाही! माझा जीव भांड्यात पडला.

"लो चाचा, पहनो!"

"पहनो! पहनो!" सगळा तंबू.

आता आली का पंचाईत! माझे बत्तीस दात जागच्या जागी. त्यावर पाटलांचे सोळा कुठे बसवू? मी उपरण्यासारखा धोतराचा सोगा तोंडावर धरला, "लाव वाफफे!" म्हणजे लाज वाटते म्हणालो, कवळी मुठीत घेतली आणि धूम ठोकली.

बाहेर पाण्याच्या हौदाशी पाटील आधीच येऊन उभे होते. मी कवळी तीनदा धुतली, धोतराने पुसली, आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पाठ फिरवून ती बसवली. 

स्टँडवर लिंबाखाली आम्ही एस.टी.ची वाट पाहत बसलो. बायका पलीकडच्या बाकावर, रडकुंडीला आलेल्या. पाटील माझ्याकडे वळून म्हणाले,

"भगवंतराव, तुमचे दात तं सगळे खरे हायत ना?"

"हाव."

"मंग एवढ्या लोकाईसमोर माहे हायत म्हून काऊन बोलले?"

 खरं होतं ते बोललो.

"तुमचं नाव घेतलं असतं तं तुमाले खाली पाहा लागलं असतं. अन् माही पोरगी तुमच्या घरी नांदते, पाटील. तिच्या सासऱ्यानं खाली पाह्यलेलं मले पाहवत नाई."

 पाटलांचे खांदे हलायला लागले. मी घाबरलो. रडतात की काय! पण नाही. आधी हूंऽ हूंऽ असा आवाज आला, मग "बापूजी!" एवढंच म्हणून ते असे हसत सुटले की कवळी पुन्हा सुटून त्यांच्या हातात आली. ती त्यांनी सरळ सदऱ्याच्या खिशात टाकली, डोळे पुसले आणि रिकाम्या तोंडाने पूर्णेला हाक मारली, "सूनबाई, इकडे या! तुमच्या बापानं आज माही... हूंऽ हूंऽ..." पुढचं त्यांना बोलता येईना. पूर्णा धावत आली. आधी घाबरून पाहत होती, मग तीही हसायला लागली. सासऱ्यासमोर तोंड उघडं टाकून हसताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. सत्यभामाबाईंनी मुरगळलेल्या हातानेच डोळ्यांना पदर लावला.

पाटील पुढे तीन दिवस राहिले. कवळी खिशातच. वरणभात स्वतः मागून खाल्ला.

त्यांचं सगळं छान झालं हो! पूर्णेच्या घरात आता दाताचं नाव काढायला कोणी भीत नाही. घोळ झाला तो माझ्याकडे. त्या दिवसापासून सबंध चिखली तालुक्यात माझी ख्याती झालेली आहे. परवाच आमच्या गावच्या इंद्रभान पाटलांकडे लग्नाला गेलो होतो. पंगतीत सगळ्यांना कडक बुंदीचे लाडू, कुरकुरीत भजी. माझ्या पानात मात्र त्यांच्या घरच्या गीताबाईंनी मोठ्या मायेने दुधात कुस्करलेली पोळी आणून ठेवली आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "सावकाश खा भाऊ, कोनी पाहत नाई."

बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असून मी ती मुकाट्याने खाल्ली. दोनदा मागून!