डाव्या खांद्याची फिल्म

आप्पांनी एकदा ठरवलं की ठरवलं. पस्तीस वर्षं नकाशे काढण्याच्या कचेरीत गेलेली. ओढलेली रेघ खोडायची वेळ आली तर त्यांना दोन दिवस जेवण गोड लागत नसे. त्यामुळे एका मंगळवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवून त्यांनी जेव्हा घरात आता प्रोफेशनल एडिटिंग सॉफ्टवेअर येणार असं जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या बायकोने फक्त बशी उचलली आणि सुनेने "बरं, आप्पा" म्हटलं.

सून फिजिओथेरपिस्ट. घराच्या पुढच्या खोलीत तिचा दवाखाना. पेशंट इथे शिकवलेला व्यायाम घरी पोहोचेपर्यंत विसरतात, म्हणून ती तो कॅमेऱ्यासमोर करून दाखवायची. त्याची काटछाट करून, वर अक्षरं टाकून, ती फिल्म पेशंटच्या फोनवर धाडायचं खातं आप्पांचं. दोन वर्षं ते हे काम कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेल्या साध्या सॉफ्टवेअरवर करत होते. त्याची बटणं भाकरीएवढी आणि त्यांवर रंगीबेरंगी चित्रं. आप्पांच्या मते ते बालवाडीसाठी केलेलं होतं आणि चुकून मोठ्या माणसांच्या हाती पडलं होतं.

प्रोफेशनलवाल्यांनी पंधरा दिवस वापरून बघायची मुभा दिली होती. पंधरा दिवसांत काय तो निर्णय घ्यायचा. आप्पांना खरं तर पंधरा मिनिटंही पुरेशी होती. पडदा उघडला तो थेट विमान चालवायच्या खोलीसारखा. काळा, गंभीर, आणि कुठे हात लावावा ते कळू न देणारा. आप्पा खूश झाले. ज्याचं काही कळत नाही ते चांगलंच असणार, अशी त्यांची खात्री पटली.

पहिलीच फिल्म महत्त्वाची निघाली. आखडलेल्या डाव्या खांद्याचे व्यायाम. मोठ्या हॉस्पिटलचे हाडांचे डॉक्टर सोळाव्या तारखेला दवाखाना बघायला येणार होते. पेशंट घरी व्यायाम खरंच करतात असं दिसलं, तर ते आपले खांद्याचे सगळे पेशंट सुनेकडे पाठवणार होते. दवाखाना चालता ठेवायचा तर हे काम मिळायलाच हवं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून सून जपून काम करत होती. उजव्याडाव्याचा घोळ नको म्हणून ती कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचा डावा तो बघणाऱ्याचा डावा. बोलताना ती नुसतं "हा हात" म्हणत होती, कारण कुठला ते समोर दिसतच होतं.

आप्पांनी चार दिवस खोलीचं दार लावून घेतलं. आधी रंग सुधारले. मग आवाज घासूनपुसून घेतला. मग त्यांनी कुठेसं ऐकलं की माणसाची नजर डावीकडून उजवीकडे जाते, आणि उजेडही तसाच यायला हवा. त्यांच्या चित्रात खिडकी नेमकी उजव्या बाजूला होती. खिडकी हलवणं शक्य नव्हतं. पण प्रोफेशनलमध्ये काय शक्य नाही? त्यांनी अख्खं चित्रच आरशासारखं उलटं केलं. खिडकी आली डावीकडे. चित्र असं खुललं की त्यांनी बायकोला हाक मारून दाखवलं.

"अहो, ते भिंतीवरचं कॅलेंडर उलटं झालंय," ती म्हणाली.

आप्पांनी तेही हेरलं होतं. पुढचा दीड दिवस खपून त्यांनी कॅलेंडर पुसलं, घड्याळ पुसलं, सांगाड्याच्या तक्त्यावरची अक्षरं पुसली. उलटेपणाची एकूण एक खूण त्यांनी नकाशातल्या चुकीच्या नदीसारखी नाहीशी केली. सुनेचा हात तेवढा राहिला. तो त्यांना खूण वाटलाच नाही.

सुनेने दोन पेशंटांच्या मधल्या वेळात फिल्म पाहिली. पाठमोरी आपण जाड दिसतो का, एवढंच तिने पाहिलं, आणि समाधानाने ती सहा पेशंटांना पाठवून दिली.

सोळा तारखेला डॉक्टर आले. उंच, कमी बोलणारे. सुनेने दोन पेशंट बोलावून ठेवले होते. आप्पाही इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. फिल्म कोणी केली असं विचारलं तर शोधाशोध नको.

पहिले होते एक निवृत्त हेडमास्तर. दहा दिवस, दिवसातून तीनदा व्यायाम, एकदाही खाडा नाही, असं त्यांनी वहीतल्या खुणांसकट सांगितलं. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितलं. हेडमास्तरांनी उजवा हात असा सर्रकन वर नेला की वरचा पंखा थोडक्यात वाचला.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "आणि दुखरा?"

"तो कुठे? त्याची फिल्म अजून आली नाही," हेडमास्तर म्हणाले. "बाईंनी आधी चांगला हात तयार करून घेतलाय. मला पद्धत आवडली."

सुनेच्या चेहऱ्याचा रंग उतरला. दुसऱ्या होत्या कपडे शिवणाऱ्या बाई. त्यांचा डावा खांदा चांगलाच सुटला होता, आणि उजवाही. फिल्मच्या नावात डावा लिहिलाय आणि चित्रात उजवा हलतोय हे पाहून त्यांनी कुणालाच न दुखावता दोन्ही हातांनी व्यायाम केला होता.

डॉक्टरांनी फिल्म मागितली. सून ती बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "चूक माझी आहे. मी नीट तपासायला हवी होती."

आप्पांना तिथून सहज निघून जाता आलं असतं. दार मागेच होतं. पण दुसऱ्याच्या नावावर आपली चुकलेली रेघ त्यांनी कचेरीतही कधी घातली नव्हती. ते पुढे झाले आणि खिडकी, उजेड, नजर, कॅलेंडर, सगळं पहिल्यापासून सांगून मोकळे झाले. उजेडाचा मुद्दा मात्र त्यांनी सोडला नाही.

डॉक्टरांनी फिल्म पुन्हा एकदा पाहिली. "आमचे पेशंट तिसऱ्या दिवशी व्यायाम सोडतात," ते म्हणाले. "यांनी दहा दिवस नको तो हातसुद्धा सोडला नाही. पुढच्या आठवड्यापासून पाठवतो." मग फोन परत देत म्हणाले, "आणि आजोबा, ही उजव्या खांद्याची फार चांगली फिल्म आहे. नाव तेवढं बदला."

डॉक्टरांची गाडी वळेपर्यंत आप्पा पुन्हा पूर्ववत झाले होते. सुनेने सहाही पेशंटांना फोन करून हात बदलायला लावला. तेवढ्यात आप्पांनी तिची क्षमा मागितली आणि त्याच श्वासात हिशेबही मांडला: चित्र सुलट केलं की डावा खांदा, उलट केलं की उजवा. एकदा उभं राहायचं, दोन फिल्म तयार. मुदत उद्या संपतेय, तेव्हा निर्णय झालेला आहे. हे असलं काम फक्त प्रोफेशनलमध्येच होतं.

सून दमून खुर्चीत बसली होती. ती अगदी आदराने म्हणाली, "आप्पा, उलटं करायचं बटण आपल्या साध्यातही आहे. तिसऱ्या रांगेत. फुलपाखराचं चित्र आहे ना, ते."

आप्पा आत गेले. बराच वेळ कॉम्प्युटरच्या माउसचा आवाज येत राहिला. जेवायला बसल्यावर त्यांनी जाहीर केलं की पंधरा दिवस कसून तपासणी केल्यावर प्रोफेशनल सॉफ्टवेअर त्यांच्या कसोटीला उतरलेलं नाही.

"का हो?" बायकोने विचारलं.

"त्यात फुलपाखरू नाही," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी ताट पुढे ओढलं.