भिंतीवरची साडेनऊची बस

खरी कला काळावर मात करते, असं भगवानराव वाव्हळे सर एकतीस वर्षं प्रत्येक वर्गात सांगत आले होते. या एकतीस वर्षांत त्यांच्या स्वतःच्या कलेपैकी काळाला पुरून उरलं ते एवढंच : शाळेच्या मुतारीवरची 'मुले' आणि 'मुली' ही वळणदार अक्षरं. बाकी सगळं फळ्यावर होतं आणि दर शनिवारी ओल्या फडक्यानं पुसलं जात होतं.

मेअखेर चित्रकलेचे हे सर निवृत्त होणार होते. जाण्याआधी आपल्या सहीचं एक तरी चित्र या गावात राहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी शाळेची रस्त्याकडची साठ फुटी भिंत मागून घेतली. तिच्यावर दुधना नदी येणार होती, उगमापासून पूर्णेला मिळेपर्यंत. काठचे मळे, बगळे, पाण्यावर आलेली जनावरं, सगळ्यांचा कच्चा आराखडा एका वहीत तयार होता.

"वहीतच ऱ्हाऊ द्या," सरांच्या पत्नी सत्यशीलाबाई म्हणाल्या. "वही कुनी पाडत न्हाई."

पुढच्याच आठवड्यात नालीचा पाइप टाकायला जेसीबी आला आणि चाळीस फूट भिंत घेऊन गेला. उरली वीस. सरांनी उगम आणि संगम सोडून दिले. मधली नदी तरी कुठं वाईट असते, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

रंगाचा भार शाळा समितीचे अध्यक्ष मन्मथअप्पा यांनी उचलला होता. अप्पांचं मानवतला कापसाचं जिनिंग होतं. जिनिंग रंगवून जे उरलं, ते त्यांनी टेम्पोत घालून पाठवलं. एक मोठा ड्रम राखाडी आणि दोन डबे लाल.

"अप्पा, निळा?" सरांनी विचारलं.

"निळा कामून पायजे?"

"नदी काढायलोय ना."

"सर, तुमी आपल्या नदीत निळं पानी कवा बघितलाव? मी तर मे महिन्यात पानीच बघितलं न्हाई."

अप्पा खरं बोलत होते. सरांनी राखाडी नदी काढायला घेतली. तिसऱ्या दिवशी येणारे-जाणारे थांबून कौतुक करू लागले.

"सर, रस्ता लय झकास केलाव!"

"रस्ता नाही. नदी आहे."

"मंग हे डांबर कशाला ओतलाव तिच्यात?"

अकरा जणांना सरांनी नदी समजावून सांगितली. बारावे सरपंच माणिकराव निघाले. ते भिंतीकडे बघून म्हणाले, "आसू द्या रस्ता. आमच्या काळात एक तरी चांगला झाला म्हनायचं."

सर घरी आले आणि ताटावर बसले. "सत्यशीला, नदी मेली."

"मंग बस काढा," बाईंनी भाकरी वाढत सांगितलं. "रस्ता तयार हाय, लाल रंग तसाच पडलाय. अजून काय पायजे बसला?"

त्या टोमणा मारत होत्या. सरांचा घास मात्र हातातच राहिला.

पुढचे चार दिवस सर उन्हातान्हात भिंतीपाशी होते. वीस फुटांत बस अगदी बरोबर बसली. मागचा चेपलेला पत्रा, टपावर जायची शिडी, खिडकीतून बाहेर आलेला कंडक्टरचा हात, चाकाच्या वर उडालेली धूळ. कपाळावर पाटी : परभणी. आयुष्यात पहिल्यांदाच सरांनी काढलेली वस्तू काय आहे, हे कुणी विचारलं नाही. कोपऱ्यात त्यांनी सही केली, 'भ. वाव्हळे', आणि दोन पावलं मागे सरून ती पुन्हा वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीसमोर लिंबाच्या सावलीत गावातली बायनाबाई गाठोडं घेऊन बसली होती.

"मावशी, इथं कामून बसलाव? बस चौकात थांबते," सर म्हणाले.

"आता हितं थांबनार न्हवं? संडासावर संडासाचं चित्र आस्तंय, दवाखान्यावर डागदराचं. हितं बसचं काढलाव, म्हंजी बस हितंच."

नऊ वाजेपर्यंत सात माणसं झाली. चौकात ऊन होतं, इथं सावली होती, त्यामुळे बायनाबाईचं म्हणणं सगळ्यांना पटलं. ड्रायव्हरला ते कुणी सांगितलं नव्हतं. बस धूळ उडवत निघून गेली आणि सातही जण सरांच्या दारात आले.

"सर, तुमच्या बसपायी माझी कोर्टाची तारीख हुकली!"

"ते चित्र आहे!"

"चित्र हाय त कळायलंय आमाला. टाइम कुठं लिव्हलाव?"

कटकट नको म्हणून सरांनी पाटीखाली 'स. ९.३०' लिहिलं. ही त्यांची चूक झाली. दुसऱ्या दिवशी बस सव्वादहाला आली, आणि तेव्हापासून उशिराचा जाब लोक सरांना विचारू लागले. भाजी आणायला निघालेल्या सरांना रस्त्यात अडवून एकानं परतीची शेवटची गाडीही विचारून घेतली.

ग्रामसभेत विषय निघाला. चित्र पुसून टाका, असं कुणीतरी म्हणेल अशी सरांना भीती होती. तसं कुणीच म्हणालं नाही.

"लोक थांबायलेत, म्हंजी मागनी हाय," माणिकराव उभे राहिले. "निवारा बांधू!"

माणिकरावांच्या कारकिर्दीत मुदतीआधी झालेलं हे एकमेव काम. निवारा जिथं लोक बसत होते तिथंच उभा राहिला, भिंतीला खेटून. अप्पांनी लोखंड दिलं, छपराचे पत्रे दिले आणि पाठीमागे मारायलाही पत्रे दिले, आठ फूट उंच.

"अप्पा, मागून पत्रा नका मारू," सर काकुळतीला आले. "मागं भिंत आहेच की!"

"भिंत शाळेची हाय, सर. निवारा पंचायतीचा. खाती येगळी हायेत."

पत्रा बसला. बस त्याच्यामागे गेली. पत्रा आणि भिंतीच्या मधल्या चार बोटांच्या फटीला सरांनी डोळा लावून बघितलं. सहीतला 'ळे' तेवढा दिसत होता.

"सर, तुमचं अक्षर लय चांगलं," माणिकराव मागून म्हणाले. "पत्र्यावर नावं टाकून द्या."

उरलेल्या लाल रंगात सरांनी लिहिलं : 'संकल्पना : सरपंच माणिकराव. सौजन्य : मन्मथअप्पा.' अक्षरं देखणी आली. खाली बोटभर जागा उरली होती, तिथं अप्पांनी 'थुंकू नये' लिहून घेतलं.

जूनमध्ये पेन्शनच्या कागदावर सही करायला सर आणि सत्यशीलाबाई परभणीला निघाले आणि निवाऱ्यात येऊन बसले. साडेनऊ वाजले. सव्वादहाला बस आली. सरांनी उठून हात केला. बस पुढे निघून गेली आणि चौकात थांबली. दोघं पिशवी सावरत तिकडे निघाले, तोवर ती तिथूनही हलली.

चौकातल्या पानटपरीवाल्याकडून कळलं की निवाऱ्याला मंजुरी होती, थांब्याला नव्हती.

"पुढची कधी आहे?" सरांनी विचारलं.

"तुमालाच ठाऊक, सर," तो म्हणाला.

पुढची दीडला होती.